टकटक झाली, दार उघडलं... बाहेर कोणीच नाही!

ना तिजोरी फुटली, ना कागद चोरीला गेले. तरीही दुकान बंद पडलं! जुन्या कॉम्प्युटरच्या भलेपणाचा गैरफायदा घेऊन त्याला जागच्या जागी गार करणाऱ्या हल्ल्यांची ही कहाणी. जुनी आहे खरी, पण जुनी म्हणून सोडून देण्यासारखी मुळीच नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर १९९६. न्यूयॉर्क शहरातल्या पॅनिक्स या कंपनीत एकाएकी धावपळ उडाली. ही कंपनी १९८९ सालापासून सर्वसामान्य माणसांना आणि छोट्या-मोठ्या व्यावसायिकांना इंटरनेटची जोडणी पुरवत होती. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेटचं दार उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे पॅनिक्स या धंद्यात चांगलीच मुरलेली होती. पण त्या शुक्रवारी तिच्या ग्राहकांची ई-मेल अडकली ती अडकलीच.

तंत्रज्ञांनी यंत्रं तपासली. वीज होती. तारा शाबूत होत्या. कॉम्प्युटर चालू होते. एकही फाइल पुसली गेली नव्हती, कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता. तरीही बाहेरून हाक मारणाऱ्याला आतून ‘ओ’ मिळत नव्हती. आधी टपाल सांभाळणारी यंत्रं गप्प झाली, मग वेबसाइट सांभाळणारी. असं अनेक दिवस चाललं.

गंमत म्हणजे चोर घरात शिरलाच नव्हता. तो फक्त दारावर टकटक करायचा आणि दार उघडायच्या आत पसार व्हायचा. एकदा नव्हे, दहादा नव्हे, सेकंदाला शे-दीडशे वेळा!

कॉम्प्युटरच्या दुनियेत या प्रकाराला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. आपण त्याला सरळ ‘सेवाबंदी’ म्हणू. यात कोणी काही पळवून नेत नाही. फक्त ज्याला सेवा हवी त्याला ती मिळू देत नाही. बँकेतले पैसे जागच्या जागी सुरक्षित, पण बँकेचं दारच उघडत नाही, अशातली गत. दवाखान्यात नेमकी हीच गत झाली तर? तेव्हा हा पोरखेळ राहत नाही.

सज्जन कारकुनाची फजिती

हे नेमकं घडतं कसं? त्यासाठी तांत्रिक पुस्तकं चाळायची गरज नाही. आपल्या गावातलं पोस्ट ऑफिस डोळ्यांसमोर आणा.

इंटरनेटला जोडलेला प्रत्येक कॉम्प्युटर हे एक पोस्ट ऑफिसच असतं. त्याला क्रमांक घातलेल्या अनेक खिडक्या असतात. तंत्रज्ञ त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. २५ क्रमांकाच्या खिडकीवर ई-मेल, ८० क्रमांकाच्या खिडकीवर वेबसाइटची पानं, अशी कामाची वाटणी. प्रत्येक खिडकीमागे एक कारकून बसलेला. म्हणजे अर्थात माणूस नव्हे, एक छोटा प्रोग्रॅम. हे सगळे कारकून ज्याच्या हुकमतीखाली असतात तो पोस्टमास्तर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कोणाची ‘विंडोज’, कोणाची ‘युनिक्स’, कोणाची ‘लिनक्स’.

आता खिडकीवर कामाला सुरुवात करायची रीत पाहा. गिऱ्हाईक विचारतं, ‘आहात का?’ कारकून म्हणतो, ‘आहे, बोला. तुम्ही आहात ना?’ गिऱ्हाईक उत्तर देतं, ‘हो, आहे.’ हे तीन बोल झाले की मगच व्यवहार सुरू. ही पद्धत १९८१ साली लेखी नियमांत नोंदवली गेली आणि १ जानेवारी १९८३पासून अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर लागू झाली. आजचं इंटरनेट त्याच जाळ्याच्या पोटी जन्मलेलं आहे.

नीट पाहिलंत तर मेख दुसऱ्या बोलानंतर आहे. ‘आहे, बोला’ असं म्हटल्यावर कारकून आपल्या वहीत एक ओळ लिहून ठेवतो : ‘अमक्या पत्त्यावरचा माणूस आला आहे, त्याच्या उत्तराची वाट पाहतोय.’ आणि खरोखरच वाट पाहत बसतो. युनिक्स घराण्यातल्या कित्येक जुन्या यंत्रांत ही वाट पाहण्याची मुदत सव्वा मिनिट, म्हणजे ७५ सेकंद होती. आणि त्या वहीत ओळी किती? कित्येक ठिकाणी जेमतेम पाच-दहा!

हल्लेखोराने केलं ते एवढंच. खोटा पत्ता सांगून त्याने ‘आहात का?’ असं विचारलं. कारकुनाने त्या खोट्या पत्त्यावर उत्तर पाठवलं. तिथे कोणी राहतच नसल्यामुळे तिसरा बोल कधी आलाच नाही. कारकून बिचारा वाट पाहतोय. तेवढ्यात दुसरी खोटी हाक, तिसरी, दहावी. वही भरली! आता खरं गिऱ्हाईक आलं तरी कारकून म्हणणार, ‘जागा नाही.’ एका खिडकीला अशी मिठी मारायला इतक्या थोड्या हाका पुरत की घरच्या टेलिफोनला जोडलेल्या मोडेमवरूनही हे जमण्यासारखं होतं.

कारकुनाचा अपराध काय? तो फार सज्जन होता, एवढाच.

झाकली मूठ

पॅनिक्सवरच्या हल्ल्याने सगळे चकित झाले, पण ही खोट कोणालाच ठाऊक नव्हती असं नाही. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या नामांकित संशोधन संस्थेतले बिल चेस्विक आणि स्टीव्ह बेलोव्हिन या दोघांना ती १९९४ सालीच दिसली होती. इंटरनेटच्या सुरक्षिततेवर ते तेव्हा पुस्तक लिहीत होते. त्यात त्यांनी या खोटीबद्दल एक परिच्छेद लिहिलासुद्धा. मग तो काढून टाकला. उपाय सापडलेला नसताना रोगाची जाहिरात का करायची? झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मूठ झाकलेली राहिली नाही. दोन वर्षांत यावर कोणी उपायही शोधला नाही. १९९६ साली मात्र अमेरिकेतल्या दोन हॅकर-नियतकालिकांनी ही युक्ती तयार प्रोग्रॅमसह छापून टाकली. पॅनिक्सची वाताहत झाली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत. काढून टाकलेल्या त्या परिच्छेदाचा आपल्याला पश्चात्ताप झाला, असं पुढे त्या दोघांनीच कबूल केलं.

१९ सप्टेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या ‘सर्ट’ या संस्थेने जगभरच्या यंत्रचालकांना सावधगिरीची सूचना दिली. आणि मग दोन वर्षं न सापडलेला उपाय त्याच महिन्यात सापडला! डॅन बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी जी युक्ती मांडली, ती ऐकून कोणीही म्हणेल, ‘हात्तिच्या, एवढंच?’

कारकुनाने वहीत ओळ लिहूच नये! त्याऐवजी गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फक्त स्वतःला ठाऊक असलेलं एक गुपित यांचा हिशोब करून एक आकडा काढावा आणि तो चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यावा. मग विसरून जावं. गिऱ्हाईक खरं असेल तर ते चिठ्ठी घेऊन परत येईल. कारकून पुन्हा तोच हिशोब करील. आकडा जुळला की काम सुरू. खोट्या पत्त्यावर गेलेली चिठ्ठी परत येणारच नाही, आणि तिच्यासाठी वहीतली जागाही अडणार नाही. या चिठ्ठीला तंत्रज्ञ ‘सिन कुकी’ म्हणतात. आजही जगभरच्या असंख्य सर्व्हरवर हीच युक्ती पहारा देते आहे.

बडबड्या आणि पोपट

पण त्या काळच्या पोस्ट ऑफिसात आणखीही काही खिडक्या होत्या. आज त्यांचं वर्णन ऐकून हसू येईल.

१९८३च्या मे महिन्यात इंटरनेटच्या जडणघडणीतले एक मोठे जाणकार जॉन पोस्टेल यांनी काही छोट्या सेवांचे नियम लिहिले. त्यांतली एक सेवा होती ‘एको’. तिचं काम पोपटाचं. जे ऐकायचं तेच जसंच्या तसं परत बोलायचं. दुसरी होती ‘चार्जेन’. तिला कोणी हाक मारली की ती अक्षरांची बडबड परत पाठवायची. दोन्ही सेवा निव्वळ तपासणीसाठी होत्या. तार नीट जोडली आहे का, अक्षरं वाटेत गळत तर नाहीत, एवढं पाहण्यापुरत्या. पुढे युनिक्सच्या कित्येक यंत्रांत त्या कारखान्यातूनच चालू अवस्थेत येऊ लागल्या. कोणी वापरत नसे, पण कोणी बंदही करत नसे.

मग एका खोडसाळ डोक्यातून कल्पना निघाली. बडबड्याची आणि पोपटाची गाठ घालून दिली तर? एका यंत्रावरच्या पोपटाच्या नावाने दुसऱ्या यंत्रावरच्या बडबड्याला एक खोटी चिठ्ठी पाठवायची. बडबड्या उत्तर देणार पोपटाला. पोपट तेच परत बोलणार. ते ऐकून बडबड्या पुन्हा सुरू. पुन्हा पोपट. हल्लेखोर एक चिठ्ठी टाकून झोपी गेला तरी या दोघांचा गजर थांबायचा नाही! यंत्र दमायचं, तारा भरून जायच्या आणि खरं काम कोपऱ्यात पडून राहायचं. ८ फेब्रुवारी १९९६च्या आपल्या सूचनेत ‘सर्ट’ने सांगितलेला उपाय अगदी साधा होता : नको असलेल्या खिडक्या बंद करा.

हा उपाय लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

एक पार्सल, एक तार, एक पत्र

वर्ष संपता संपता नवा धक्का बसला. ‘पिंग’ नावाचा एक साधा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतले माइक म्यूस यांनी तो १९८३च्या डिसेंबरात लिहिला. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून पुढे काय आहे ते ओळखते. तसंच हे पिंग : दूरच्या यंत्राला ‘कू’ करायचं आणि ते ‘कू’ करतंय का ते पाहायचं. चार-दोन डझन अक्षरांचा कारभार.

इंटरनेटच्या नियमानुसार कोणतंही पार्सल ६५,५३५ बाइटपेक्षा मोठं असता कामा नये. पण मोठं पार्सल तुकडे करून पाठवता येतं आणि ते तुकडे जोडायचं काम पोहोचल्या ठिकाणी होतं. तुकडे असे कापले की जोडल्यावर पार्सल ठरलेल्या मापापेक्षा किंचित मोठं होईल, तर? पोस्टमास्तराने पार्सल ठेवायला नेमकी मापाची फळी ठोकली होती. जास्तीचा तुकडा फळीवरून शेजारच्या कागदांवर कोसळायचा आणि सगळं कार्यालय ठप्प! ‘पिंग ऑफ डेथ’ असं भयंकर नाव या हल्ल्याला मिळालं. विंडोज, युनिक्स, मॅकिंटॉश, इतकंच काय, नेटवर्कला जोडलेले प्रिंटरसुद्धा यात सापडले. म्हणजे वेगवेगळ्या घराण्यांतल्या प्रोग्रॅमरांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती : पाठवणारा नियम पाळीलच.

१९९७च्या मे महिन्यात पाळी आली ती विंडोजची. विंडोज ९५मध्ये एकमेकांच्या फाइली आणि प्रिंटर वापरण्यासाठी १३९ क्रमांकाची खिडकी उघडी असायची. कागदपत्रांवर ‘तातडीचं’ असा शिक्का मारायची सोय इंटरनेटच्या नियमांत पहिल्यापासून आहे. कोणीतरी या खिडकीवर असा शिक्का मारलेलं पत्र पाठवलं, आणि शिक्का ज्या मजकुराकडे बोट दाखवत होता तिथे मजकूरच ठेवला नाही.

आपल्याकडे पूर्वी दाराशी तारवाला उभा राहिला की तार फोडायच्या आधीच घरातली म्हातारी रडू लागायची. विंडोजचं तसंच झालं! कारकून गोंधळला आणि त्याने आख्खं कार्यालय खाली आणलं. पडदा निळा पडला, त्यावर पांढरी अगम्य अक्षरं उमटली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की तो ठणठणीत असायचा, पण तोवर ‘सेव्ह’ न केलेलं काम गेलेलं असायचं. या हल्ल्याचं नाव ‘विननूक’. तो कोणालाही चालवता येईल अशा तयार प्रोग्रॅमच्या रूपात पसरला. गप्पांच्या दालनात कोणाशी वाजलं की दे धक्का, पाड त्याचा पडदा निळा! विद्या नको, कसब नको, एक बटण पुरे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आला ‘लँड’. या पत्राची तऱ्हा आणखी न्यारी. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच! यंत्राला वाटायचं आपल्याला आपणच पत्र लिहिलं आहे. ते स्वतःलाच उत्तर द्यायचं, स्वतःच गोंधळायचं आणि त्या भोवऱ्यात गोठून जायचं.

शहाणपण का सुचलं नाही?

इतकी मोठी डोकी असताना इतक्या साध्या चुका कशा राहिल्या, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. याचं उत्तर त्या काळात आहे. हे नियम बनत होते तेव्हा जाळ्यावर मोजकी यंत्रं होती आणि ती चालवणारे लोक विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले. बरेचसे एकमेकांना ओळखणारे. जुन्या वाड्यात दिवसा कोणी दाराला कडी लावत नसे, तसंच. त्यांच्यापुढची चिंता वेगळी होती. तार तुटली, वाटेतलं यंत्र बंद पडलं, तरी निरोप पोहोचला पाहिजे. निरोप पाठवणाराच खोटारडा असेल हा विचार यादीत फार खाली होता.

पहिला चटका बसला २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने स्वतःच्या प्रती काढत फिरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. युनिक्सच्या ज्या सेवांतून तो घुसला त्यांतली एक होती ‘फिंगर’. या यंत्रावर कोण काम करतंय, हे कोणाही परक्याला अदबीने सांगणारी सेवा! मॉरिसच्या प्रोग्रॅमने काही चोरलं नाही, काही पुसलं नाही. पण एकाच यंत्रात त्याच्या इतक्या प्रती गोळा व्हायच्या की यंत्राचा जीव गुदमरायचा. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रं अडकली. १९९०मध्ये न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून अधिक दंड ठोठावला. आणि याच प्रकरणानंतर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’चा जन्म झाला.

जुनं ते सोनं? कॉम्प्युटरमध्ये नव्हे!

‘झालं ते झालं. विंडोज ९५ आता कोण वापरतंय?’ असं कोणी म्हणेल. खरंय. पॅनिक्सवरचा हल्ला, मृत्यूचं पिंग, विननूक, लँड, या सगळ्यांवर इलाज निघाले. पण जुनी खोड इतक्या सहज जात नाही. १९९७चा ‘लँड’ हल्ला २००५ साली विंडोज एक्सपी आणि विंडोज सर्व्हर २००३वर पुन्हा चालतो असं दिसून आलं. नव्या घरात जुनीच वाळवी! आणि ऑक्टोबर २०२०मध्ये विंडोज १०मधली एक खोट उघड झाली. पिंग ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या एका विचित्र मापाच्या निरोपाने पडदा पुन्हा निळा पडत होता. मृत्यूच्या पिंगची नातच म्हणा ना!

तरी खरा धोका नवीन यंत्रांना कमी आणि म्हाताऱ्या यंत्रांना जास्त. कॉम्प्युटर चालतो आहे तोवर बदलायचा कशाला, असा आपला हिशोब. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन यांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पण कॉम्प्युटर झिजत नसला तरी त्याच्या खोटी एकामागून एक जगजाहीर होत जातात. कंपनी ठिगळं पाठवते तोवर ठीक. एकदा तिने हात झटकले की पुढे सापडणारी प्रत्येक खोट कायमची. विंडोज एक्सपीसाठी नेहमीची ठिगळं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७साठी १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १०साठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी.

याचा फटका बसला की कसा बसतो? १२ मे २०१७. पुन्हा एक शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरू लागला. तो शिरत होता विंडोजच्या फाइली वाटून घेण्याच्या जुनाट सेवेतून. खिडकी क्रमांक ४४५, म्हणजे विननूकवाल्या १३९ची धाकटी बहीण! ज्या यंत्रात तो शिरला त्यातल्या फाइलींना कुलूप ठोकून तो पैसे मागत असे. तपासात असं दिसलं की विंडोज एक्सपीची यंत्रं बहुधा त्या आधीच निळ्या पडद्यात कोसळत होती. म्हणजे तिथे खंडणी नाही, पण सेवाबंदी झालीच.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला त्याचा जबर तडाखा बसला. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार ६,९१२ रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याची नोंद सापडली, त्यांत शस्त्रक्रियाही होत्या. एकूण आकडा १९ हजारांच्या वर गेला असावा असा अंदाज. आणि सर्वांत झोंबणारी गोष्ट अशी की विंडोज ७सारख्या तेव्हा चालू असलेल्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, ठिगळ दिलं होतं. ते लावायचं राहून गेलं होतं. विंडोज एक्सपीसाठी मात्र ते सर्वांना मिळालं हल्ल्यानंतर. वरातीमागून घोडं!

पुढच्याच महिन्यात ही आच आपल्या अंगणात आली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला झाला. त्याने इतरही वाटा वापरल्या, पण त्यांतली एक वाट हीच जुनी खिडकी होती. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पडले आणि उरणजवळ न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाचं जे टर्मिनल आहे, त्याचं काम विस्कटलं. माल जागेवर होता, क्रेन जागेवर होत्या. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारा कॉम्प्युटरच मुका झाला होता.

तुमच्या घरातला शिपाई

आता एक शेवटचा शुक्रवार. २१ ऑक्टोबर २०१६. अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर जबरदस्त हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या वेबसाइट कित्येक तास लोकांना सापडेनाशा झाल्या. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं हे डिनचं काम होतं. हल्ल्यात इतर युक्त्यांबरोबर पॅनिक्सवर चाललेली तीच वीस वर्षं जुनी युक्तीही होती : ‘आहात का?’ म्हणायचं आणि गायब व्हायचं.

फरक एवढाच की या वेळी टकटक करणारे हात कोणा एका हल्लेखोराचे नव्हते. ते होते घरोघरचे सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि इंटरनेटचे राउटर! त्यांच्यात ‘टेलनेट’ नावाची जुनीपुराणी सेवा चालू होती आणि तिला कारखान्यातला ठरावीक पासवर्ड तसाच होता. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने अशी यंत्रं एकेक करून फितवली आणि त्यांची फौज उभी केली. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्या कुटुंबांना याचा पत्ताही नव्हता. चोर पकडायला लावलेला कॅमेराच दरोड्यात सामील!

म्हणूनच ही गोष्ट तज्ज्ञांपुरती उरलेली नाही. आपल्या घरातलं एक विसरलेलं यंत्र भलत्याच देशातल्या कोणाचं तरी काम बंद पाडू शकतं. आपल्या कायद्यानेही हा प्रकार गंभीर मानला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये हक्काच्या माणसाला कॉम्प्युटर वापरू न देणं हे गैरकृत्य आहे आणि लबाडीच्या हेतूने ते केलं तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा धोक्यांच्या सूचना देण्यासाठी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४पासून आपल्या देशातही काम करते आहे.

आपण काय करायचं?

घाबरून कॉम्प्युटर माळ्यावर टाकायची गरज नाही. पाच गोष्टी केल्या तरी बरंच काम होतं.

एक : कॉम्प्युटर किंवा मोबाइल ‘अपडेट करू का?’ असं विचारतो तेव्हा ‘नंतर’ म्हणायची सवय सोडा. ते ठिगळ आहे. वेळेवर घातलेला एक टाका पुढचं फाटणं वाचवतो.

दोन : राउटर आणि कॅमेरा बसवायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोरच कारखान्यातला पासवर्ड बदलून घ्या. ‘राहू द्या हो, चालतंय’ हे ऐकून घेऊ नका. कॅमेरा बाहेरगावाहून पाहायची गरज नसेल तर ती सोयही बंद ठेवा.

तीन : फाइली वाटून घेणं, दूरवरून यंत्र चालवणं अशा सेवा लागत नसतील तर बंद ठेवा. आठवतो ना, बडबड्या आणि पोपटावरचा उपाय? नको असलेली खिडकी बंद.

चार : दुकानातलं बिलाचं यंत्र किंवा दवाखान्यातला एखादा जुना कॉम्प्युटर बदलणं परवडत नसेल तर निदान तो इंटरनेटपासून तोडा. एकटा बसून तो आपलं काम सुखाने करील.

पाच : महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा, आणि यंत्र बंद पडलं तर दिवसभराचं काम वहीवर कसं चालवायचं ते आधीच ठरवून ठेवा. सेवाबंदीत नुकसान होतं ते थांबून राहिलेल्या माणसांचं.

जुन्या काळच्या त्या कारकुनाला नावं ठेवू नका. दारावर कोणी टकटक केली तर दार उघडावं, ‘कोण आहे?’ म्हणून विचारावं, आलेल्याची थोडी वाट पाहावी, हीच तर आपली रीत. त्याला दार कायमचं लावून घ्यायला कोणी सांगितलं नाही. चिठ्ठी हातात द्यायला शिकवलं, आणि तो पुन्हा कामाला लागला. भलेपणाला थोड्या सावधगिरीची जोड, एवढंच. आणि ती जोड आपल्या घरातल्या यंत्रांना द्यायची, तर ते काम दुसऱ्या कोणाचं नव्हे, आपलंच आहे.